दोन समता आणि एक लिफ्ट

(चार पानी पत्र आहे. जागेसाठी थोडं छाटलंय, शब्द त्यांचेच.)

*ताई,*

*माझं वय 63. माहेर अलिबागचं, सासर नाशिकचं, आता ठाण्यात नवव्या मजल्यावर. यजमान बँकेतून निवृत्त झाले त्याच वर्षी इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले आणि माणूस बदलला. आधी आमटीत मीठ कमी पडलं तरी आवाज चढायचा. आता अकरा वर्षं झाली, सकाळी एक तास, संध्याकाळी एक तास बसतात. घरात शांतता आहे.*

*मुलगी वकील, चेंबूरला असते. जावई मराठी ख्रिस्ती, मूळचे नगरचे. तिने धर्म बदललेला नाही, पण त्यांच्याबरोबर चर्चला जाते. तिथे बायबलमधल्या संदेष्ट्यांवर अभ्यासवर्ग होता, तेव्हापासून तिच्या तोंडी आमोस, यिर्मया अशी नावं असतात.*

*आमच्या बिल्डिंगला दोन लिफ्ट. पुढच्या लिफ्टवर पाटी आहे: 'घरकामगार, डिलिव्हरीवाले व पाळीव प्राणी यांनी मागील लिफ्टचा वापर करावा.' दिवाळीत मागची लिफ्ट सोळा दिवस बंद होती. आमच्या मावशी गुडघे धरत नऊ मजले चढून यायच्या. मुलगी भाऊबीजेला आलेली, तिने ते पाहिलं. यजमान सोसायटीचे चेअरमन आहेत. मी खिडकीतला मावशींचा कप विसळत होते, तेवढ्यात बाहेर आवाज वाढले. ती म्हणत होती, बाबा, पाटी आजच्या आज काढा. हे म्हणाले, कमिटीत बघू, चिडून काही होत नाही, जरा समता ठेव. त्यावर ती म्हणाली, 'बाबा, तुमची समता लिफ्टने वर येते.' हे उठले, खोलीत गेले, दार लावलं आणि ध्यानाला बसले. दुपारचे दोन वाजले होते. ती संध्याकाळी निघून गेली.*

*तीन महिने झाले, दोघं बोलत नाहीत. मी दोघांना फोनवर, जेवताना समजावते. हे म्हणतात, तिचा धर्म म्हणजे नुसता संताप. ती म्हणते, त्यांचा धर्म म्हणजे पळवाट. तिला आता पाचवा महिना लागलाय. मला एवढंच सांगा, हे दोन मार्ग मुळातच एकमेकांच्या विरुद्ध आहेत का? नातवंडाला मी कुठल्या गोष्टी सांगू? आणि मी मध्ये पडू की नको?*

*— नवव्या मजल्यावरची*

ताई,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा मुलीच्या बाजूने, दुसऱ्यांदा मुद्दाम यजमानांच्या बाजूने, कारण माझा पिंड तुमच्या मुलीचा. मीही इगतपुरीला दहा दिवस काढलेत. पहाटे चारची घंटा, आर्य मौन, संध्याकाळी पाचला फळ, चुरमुरे आणि चहा. बाकीच्या बायका श्वास बघत होत्या तेव्हा मी मनातल्या मनात तिघांना तक्रारीची पत्रं लिहीत होते. तासभर न हलता बसायचं 'अधिष्ठान' सुरू झालं तेव्हा त्यातलं एक पत्र सही करण्यापर्यंत आलं होतं. त्यामुळे अकरा वर्षं रोज दोन तास बसणं म्हणजे काय, याची मला कल्पना आहे. मिठावरून चढणारा आवाज उतरला, ही लहान गोष्ट नाही. मुलीने ती लहान मानू नये.

आता शब्दाकडे येते, कारण गाडी तिथे अडकली आहे. यजमान म्हणाले 'समता ठेव'. विपश्यनेच्या भाषेत समता म्हणजे अंगावर जी काही संवेदना उठेल, सुखाची वा दुखाची, तिला ओढून घ्यायचं नाही की ढकलायचं नाही. ती अनिच्च आहे, जाणार आहे. गीतेतलं 'समत्वं योग उच्यते' हेही त्याच कुळातलं. पण मराठीत या शब्दाला दुसरं एक आयुष्य आहे. 1927 साली महाडला चवदार तळ्याच्या पाण्यावरून सत्याग्रह झाला आणि पुढच्याच वर्षी डॉ. आंबेडकरांनी पत्र काढलं, त्याचं नाव 'समता'. तिथे समता म्हणजे आतली स्थिरता नव्हे, पाणवठ्यावरचा हक्क. तुमच्या घरात बापलेक एकच शब्द उच्चारत होते आणि दोघांच्या डोक्यात दोन वेगळे शब्द होते. जाता जाता, गीतेच्याच पाचव्या अध्यायात ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि श्वपाक, म्हणजे चांडाळ, या सगळ्यांकडे पंडित सारख्या दृष्टीने बघतो असं म्हटलंय. तुमच्या सोसायटीनेही माणूस आणि कुत्रा एका ओळीत बसवलेत. पंडिताची दृष्टी तेवढी आणायची राहिली.

धर्माचा अभ्यास करणाऱ्यांनी हे दोन प्रवाह फार पूर्वीच वेगळे काढलेत. फ्रीड्रिख हायलर या जर्मन अभ्यासकाने 1918 मध्ये प्रार्थनेवर एक जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात प्रार्थनेच्या दोन मोठ्या जाती मांडल्या. एक गूढवाद्याची, ध्यान्याची. ती पायरी पायरीने वर जाते, बोलणं कमी होत जातं, शेवटी मागणाराही उरत नाही. दुसरी संदेष्ट्याची. ती पोटातून येते, भांडते, मागते, जग सोडून जायला तयार नसते. ढोबळ मानाने पहिली उपनिषदं, बुद्ध, झेन, सूफी यांच्याकडे आणि दुसरी यहुदी, ख्रिस्ती, इस्लाम यांच्याकडे, असं पुस्तकात वाचायला मिळतं. ढोबळ म्हटलं, कारण सूफी इस्लाममध्येच आहेत आणि आपला तुकोबा कुठल्या खणात ठेवायचा यावर मी पैज लावायला तयार आहे.

पण या विषयावर मला सगळ्यात पटलेलं वाक्य सोळाव्या शतकातल्या एका चिश्ती सूफीचं आहे. गंगोहचे शेख अब्दुल कुद्दूस म्हणाले होते की अरबस्तानचे मुहम्मद सातव्या आसमानापर्यंत गेले आणि परत आले. देवाशपथ सांगतो, मी तिथवर पोचलो असतो तर परत आलोच नसतो. कवी इक्बालांनी आपल्या एका व्याख्यानाची सुरुवातच या उद्गाराने केली आणि संदेष्टा आणि गूढवादी यांतला फरक त्यावरून समजावला. ध्यानी माणसाला जे सापडतं तेच त्याचं घर होतं. पैगंबर तिथे थांबत नाही, तो जगात परततो आणि जग हलवायला लागतो. शब्दसुद्धा तेच सांगतात: पैगंबर म्हणजे पैगाम आणणारा, संदेष्टा म्हणजे संदेश आणणारा. भविष्य सांगणारा नव्हे, टपाल आणणारा. आणि पत्ता बहुधा राजवाड्याचा असतो.

मुलीच्या तोंडी आमोस आहे, तो असाच. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकातला, यहुदातल्या तकोवा गावचा मेंढपाळ. उंबराच्या जातीच्या झाडांची राखण करायचा. उत्तरेच्या इस्राएल राज्यात तेव्हा भरभराट होती. हा गडी तिथल्या बेथेलच्या देवस्थानात जाऊन उभा राहिला आणि म्हणाला, तुम्ही गरिबाला एका जोडा पायतणासाठी विकता. सण कधी संपतो आणि धान्य विकायला कधी बसतो असं तुम्हाला होतं, तुमचं माप लहान आणि वजन जड. तुमच्या सणांचा मला वीट आलाय, तुमची गाणी बंद करा, न्याय पाण्यासारखा वाहू द्या. हे 'मला' म्हणजे आमोसला नव्हे, देवाला. तिथल्या पुजाऱ्याने, अमस्याने, त्याला सांगितलं की बाबा, तुझ्या गावी जा आणि तिथे पोट भर, इथे राजाचं देवस्थान आहे. आमोसचं उत्तर मला फार आवडतं: मी संदेष्टा नाही, संदेष्ट्याचा मुलगाही नाही, मी मेंढरं राखत होतो, मला तिथून उचललं.

आता हे ऐका: 'आपुलिया बळें नाहीं मी बोलत । सखा भगवंत वाचा त्याची ॥' साळुंकी गोड बोलते, पण शिकवणारा धणी वेगळाच. देहूच्या वाण्याचं आणि तकोव्याच्या मेंढपाळाचं म्हणणं एकच आहे, बोलतो मी, पण आवाज माझा नाही. आणि हाच तुकोबा भंडारा डोंगरावर एकटा जाऊन बसायचा, वृक्षवल्लींना सोयरे म्हणायचा, एकांताचं सुख गायचा. मग खाली उतरायचा, कारण 'बुडती हे जन न देखवे डोळां, येतो कळवळा म्हणऊनि'. नाठाळाच्या माथी काठी हाणायची भाषाही त्याचीच. डोंगर चढणारा आणि डोंगर उतरणारा एकच माणूस होता. म्हणून म्हटलं, पैज लावते.

पण तुमच्या घरासाठी माझ्या डोळ्यापुढे आमोसही नाही आणि तुकोबाही नाही. एलीया आहे. अलिबागच्या तुम्ही, म्हणजे तुम्हाला तो ठाऊक असणार, दुसऱ्या नावाने. तुमच्याकडचे बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, ज्यांना पूर्वी शनवार तेली म्हणायचे, ते एलियाहू हन्नाबीला नवस बोलतात आणि फेडताना मलिदा करतात: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, गूळ, वेलची, वर फळं. अलिबागजवळच्या खंडाळ्यात खडकावर त्याच्या रथाची खूण आहे असं ते मानतात. तो हा एलीया. जावयांच्या बायबलात त्याची गोष्ट राजांच्या पहिल्या पुस्तकात आहे, एकोणिसावा अध्याय. तुम्ही स्वतः वाचा. छोटा आहे, पण घाईने वाचू नका.

गोष्ट अशी. एलीयाने कर्मेल डोंगरावर राजा अहाब आणि सगळ्या लोकांदेखत बआल या दैवताच्या संदेष्ट्यांना हरवलं, आकाशातून अग्नी उतरला. मोठा विजय. आणि लगेचच राणी ईजबेलने जीव घेण्याची धमकी दिली तसा हा वाघ जीव मुठीत धरून पळाला. बैर-शेब्याच्या पुढे रानात दिवसभर चालला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, देवा, पुरे झालं, आता माझा जीव घे. आणि झोपला. तेव्हा देवदूत येऊन काय करतो? उपदेश करत नाही. त्याला हलवून उठवतो, म्हणतो, ऊठ, खा. उशाशी निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. तो खातो आणि पुन्हा झोपतो. देवदूत पुन्हा उठवतो, पुन्हा खाऊ घालतो, म्हणतो, तुला लांबचा पल्ला आहे.

मुलीला फोन कराल तेव्हा हा भाग सांगा. तिचा राग खरा आहे, पण पाचव्या महिन्यात, कोर्टकचेरी सांभाळून, तीन महिने बापाशी अबोला धरून ती दमली असणार. संदेष्ट्यांचीही शक्ती संपते. तेव्हा त्यांना आधी जेवायला लागतं.

पुढे चाळीस दिवस चालून एलीया होरेब डोंगरावर पोचतो आणि गुहेत शिरतो. देव विचारतो, 'एलीया, तू इथे काय करतोस?' तो म्हणतो, मी तुझ्यासाठी एवढा पेटून उठलो, सगळे फिरले, मी एकटाच उरलोय आणि आता माझ्याही जिवावर उठलेत. मग डोंगर फोडणारा वारा येतो, देव त्यात नसतो. भूकंप होतो, देव त्यात नसतो. अग्नी येतो, त्यातही नसतो. त्यानंतर येतो एक मंद आवाज. मूळ हिब्रूत तीन शब्द आहेत, त्यांचा सरळ अर्थ 'बारीक शांततेचा आवाज' असा होतो. संदेष्ट्यांच्या परंपरेच्या अगदी मधोमध हे बसलंय. ज्याच्या शब्दावर काल अग्नी उतरला होता त्याला आज देव अग्नीत सापडत नाही. ध्यान करणाऱ्या कुणालाही हे कळेल. तुमच्या यजमानांना तर लगेच कळेल.

पण गोष्ट तिथे संपत नाही, आणि यजमानांसाठीचा भाग इथून पुढे आहे. एलीया चेहऱ्यावर झगा ओढून गुहेच्या तोंडाशी येतो. इतकी मोठी शांतता ऐकल्यावर त्याला काय विचारलं जातं? तोच प्रश्न, शब्दाला शब्द: 'एलीया, तू इथे काय करतोस?' तो उत्तरही तेच देतो, शब्दाला शब्द, मी एकटाच उरलोय. आणि देव म्हणतो, आल्या वाटेने परत जा. शिवाय हळूच सुनावतो की बआलापुढे गुडघा न टेकलेले सात हजार अजून आहेत. (हे वाक्य मुलीसाठी. पेटलेल्या माणसाला आपण एकटेच आहोत असं नेहमी वाटतं. तुमच्या बिल्डिंगमध्ये ती पाटी खटकणारी आणखी चार घरं असतीलच, त्यांना कुणी विचारलं नसेल.)

परत आलेल्या एलीयाला पुढे काम कसलं लागतं बघा. राजवाड्याला लागून नाबोथ नावाच्या माणसाचा द्राक्षमळा असतो. राजाला तो भाजीच्या वाफ्यांसाठी हवा असतो. नाबोथ म्हणतो, वडिलोपार्जित जमीन आहे, देत नाही. राणी खोटे साक्षीदार उभे करते, नाबोथला दगडांनी ठेचून मारलं जातं, आणि राजा मळ्याचा ताबा घ्यायला जातो. एलीया त्याला तिथेच, मळ्यात, गाठतो: खून करून वर वतनही घेतलंस? होरेबवरच्या त्या बारीक शांततेतून उतरलेला माणूस जमिनीच्या एका साध्या प्रकरणात जाऊन उभा राहिला. भाजीच्या वाफ्याच्या प्रकरणात. म्हणून लिफ्टचं प्रकरण धर्माच्या मानाने क्षुल्लक आहे, असं मला कुणी सांगू नये.

यजमान म्हणतील, हे सगळं यहुद्यांचं, आमच्यात असं नाही. त्यांना त्यांच्याच घरातलं सांगा. बोधी मिळाल्यावर बुद्धालाही परतावंसं वाटत नव्हतं. हा धम्म खोल आहे, लोकांना कळायचा नाही, कशाला शिकवा, असं त्याच्या मनात आलं, आणि ब्रह्मा सहंपतीला येऊन हात जोडावे लागले, अशी पाली सुत्तांत कथा आहे. बुद्ध परतला, पंचेचाळीस वर्षं पायी हिंडला आणि भिक्खूंनाही 'बहुजनहिताय' हिंडायला पाठवलं. बाबासाहेबांनी तर आपल्या बुद्धावरच्या ग्रंथाच्या आरंभीच विचारलंय की भिक्खू कशासाठी, एक परिपूर्ण माणूस घडवायला की लोकांचा सेवक घडवायला? नुसताच परिपूर्ण असेल तर तो स्वार्थी माणूस आहे, असं त्यांनी स्वच्छ म्हटलंय. त्यांच्या ग्रंथात सिद्धार्थ घर सोडतो तो म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे. शाक्य आणि कोलिय यांच्यात रोहिणी नदीच्या पाण्यावरून तंटा होतो, सिद्धार्थ युद्धाच्या ठरावाला भर सभेत विरोध करतो आणि त्यापायी त्याला गाव सोडावं लागतं.

आणि विपश्यना शिकवणाऱ्या गोएंका गुरुजींचे गुरू कोण? सयाजी ऊ बा खिन. ते कुठल्या मठात नव्हते. 1948 मध्ये ब्रह्मदेश स्वतंत्र झाला तेव्हा ते देशाचे महालेखापाल झाले. सरकारी हिशेब तपासायचे आणि कचेरीतल्या माणसांना ध्यानही शिकवायचे. तुमचे यजमान बँकेतले, म्हणजे हिशेब तपासणाऱ्या माणसाला रोज किती जणांना 'हे चालणार नाही' म्हणावं लागतं ते त्यांना मी सांगायला नको.

दोन्ही वाटांवर खड्डे आहेत, तेही थोडक्यात सांगते. कर्मेलच्या विजयानंतर एलीयाने बआलाचे साडेचारशे संदेष्टे कीशोन ओढ्याकाठी कापून काढले. हेही त्याच पुस्तकात आहे आणि अभ्यासवर्गात बहुधा भरभर वाचलं जातं. 'देव माझ्या तोंडून बोलतो' याची खात्री झालेला माणूस किती लवकर तलवार उचलतो, याला इतिहासात उदाहरणांची वाण नाही. दुसरीकडे, दुसऱ्या महायुद्धात जपानच्या कित्येक झेन आचार्यांनी सैन्याला आशीर्वाद दिले, मन निर्विचार करून तलवार कशी चालवावी ते शिकवलं. पुढे झेनमधल्या सोतो पंथाने 1990 च्या दशकात आणि म्योशिनजी या दुसऱ्या शाखेने 2001 मध्ये त्याबद्दल जाहीर माफी मागितली. मन शांत असलं की हातून बरोबरच घडतं, असं नाही.

मग तुमचा प्रश्न, मुळातच विरुद्ध आहेत का? मला वाटतं, दोन्ही मार्ग वेगवेगळे प्रश्न विचारतात. ध्यान विचारतं, हा राग कुणाला आलाय, कुठून उठला, त्याच्या मागे काय आहे? संदेष्टा विचारतो, अन्याय कुणावर झालाय आणि केला कुणी? पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं म्हणून दुसरा सुटत नाही. दुसरा सुटला म्हणून पहिला टळत नाही. यजमान दुपारी दोनला दार लावून बसले तेव्हा त्यांनी दुसऱ्या प्रश्नाला पहिल्याचं उत्तर दिलं. पाटीच्या बाबतीत तुमची मुलगी बरोबर आहे, यात मी हात राखून बोलणार नाही. आणि लिफ्टवाल्या त्या वाक्याने तिने दुसऱ्या प्रश्नाचं ओझं बापाच्या अकरा वर्षांच्या बसण्यावर टाकलं. वाक्य झकास आहे. मला सुचलं असतं तर मीही म्हटलं असतं, आणि नंतर रात्रभर तळमळले असते.

तुम्ही मध्ये पडू की नको? ताई, तीन महिने तुम्ही मध्येच आहात. पण निरोप्यासारख्या. आणखी एका तऱ्हेने मध्ये पडता येतं, त्याचं एक उदाहरण देते. अठराव्या शतकात अमेरिकेत जॉन वूलमन नावाचा क्वेकर या ख्रिस्ती पंथातला एक शिंपी होता. क्वेकर लोक उपासनेला नुसते गप्प बसतात. पुरोहित नाही, प्रवचन नाही. कुणाला आतून काही उमटलंच तर उठून दोन वाक्यं बोलायची. म्हणजे ध्यानीच म्हणा. पण त्यांच्यातल्या पुष्कळांच्या घरी गुलाम होते. वूलमनने चौकात उभं राहून शिव्याशाप दिले नाहीत. तो गावोगाव फिरायचा, अशाच लोकांच्या घरी उतरायचा, बाजूला घेऊन यजमानाशी हळू आवाजात बोलायचा आणि निघताना त्या घरातल्या गुलामांना त्यांच्या कामाचे पैसे देऊन जायचा. फुकटची सेवा घेत नाही म्हणून. केवढं अवघडलेपण त्या ओसरीवर होत असेल! 1758 मध्ये फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने गुलाम बाळगणाऱ्या सभासदांच्या घरी माणसं पाठवायचं ठरवलं, वूलमन त्यांतला एक. 1776 मध्ये त्याच सभेने सभासदांना गुलाम बाळगायला सरळ बंदी केली. वूलमन तोवर हयात नव्हता, 1772 मध्येच इंग्लंडात देवीने गेला.

तर आता काय करायचं. यजमानांशी धर्मावर वाद घालू नका, त्यात ते तुमच्यापेक्षा तयार आहेत. त्यांच्या संध्याकाळच्या बैठकीनंतर, 'भवतु सब्ब मंगलं' म्हणून झालं की, अगदी साधं विचारा: पाटी कमिटीने लावली ना, मग काढायचा विषय पुढच्या सभेच्या अजेंड्यावर कधी घेताय? तारीख मागा. तारखेशिवाय उठू नका. चिडायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं आहे, ते तुम्ही पाळा. मुलीने आवाज चढवला म्हणून त्यांना दार लावता आलं. तुमच्या हळू आवाजावर दार लावायला त्यांना अवघड जाईल. मुलीला मात्र 'बाबांचं मन समजून घे' हे रेकॉर्ड लावू नका. ते तिने लहानपणापासून, मिठाच्या काळापासून ऐकलंय. तारीख मिळाली की ती तारीख तिला कळवा, आणि जेवायला बोलवा.

नातवंडाला दोन्ही गोष्टी सांगा. वारा, भूकंप, अग्नी आणि मग शांतता, ही रात्री झोपताना सांगायला उत्तम. नाबोथच्या मळ्याची दिवसा सांगा. प्रश्न विचारेल, विचारू द्या. मध्ये एखाद्या दिवशी मलिदा करा.

एक गोष्ट राहिली, आणि पत्र दुसऱ्यांदा वाचताना तीच खुपली. चार पानांत यजमान बोलतात, मुलगी बोलते, तुम्ही बोलता. मावशींचं एक वाक्य नाही. त्यांच्या गुडघ्यावरून एवढं महाभारत झालं आणि त्यांना काय हवंय हे तिघांपैकी कुणी विचारलेलं दिसत नाही. हे विचारल्याशिवाय काहीही करू नका, मुलीलाही करू देऊ नका. आमोसला हाकललं तर परत जायला त्याचं तकोवा होतं. मावशी तुमच्याच बिल्डिंगमध्ये आणखी दोनचार घरी जात असतील. पाटीवरून गवगवा झाला आणि त्यांतल्या दोघींनी 'उद्यापासून नको' म्हटलं तर ते नुकसान ना तुमच्या मुलीचं, ना यजमानांचं. कदाचित त्या म्हणतील, ताई, पाटी राहू द्या, मागची लिफ्ट तेवढी चालू ठेवा. कदाचित म्हणतील, माझं नाव कुठे घेऊ नका. कदाचित म्हणतील, चला, उद्या तुमच्याबरोबर पुढच्या लिफ्टने येते. जे म्हणतील त्याप्रमाणे पुढचं ठरवा.

उद्या त्या आल्या की भांडी बाजूला राहू द्या. त्यांना खुर्चीवर बसवा आणि चहा टाका. दोघींसाठी कप फडताळातले काढा. खिडकीतला असू दे तिथेच.